ठासणीच्या बंदुकीचा कान

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा शहाजीराजांचे बंगळूर हाच विषय प्रथम आमच्या डोळ्यांपुढे आला. परंतु त्यावर लिहिण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी आपल्यांत आहेत. आम्ही निवडलेला विषय काहीसा आडवळणाचा आहे. तोंडातून दारू भरून गजाने ठासायची जुनी बंदूक पेटत असे कशी, आणि ऐन वेळी पुष्कळदा पेटत नसे ती का, एवढाच तो प्रश्न. हा प्रश्न आमच्या मनात ग्रंथांतून शिरला नाही. आजोळच्या पडवीतून शिरला.

आमचे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपासून दोन-अडीच कोस आत. पडवीत दोन खुंट्यांवर एक लांब नळीची बंदूक आडवी ठेवलेली असे. आजोबांना सारे गाव तात्या म्हणे. भाद्रपदात भात पोटरीला आले की रानडुकरे रात्री खाचरांत उतरत, आणि तात्या बंदूक घेऊन माळ्यावर जाऊन बसत. गोळी ते सहसा घालीत नसत. नुसती दारू, तीवर चिंध्यांचा बोळा, आणि तो गजाने घट्ट ठासायचा. बार उडाला की डोंगर दणाणे आणि डुकरे रानात पसार होत. बहुधा १९७८चा तो पावसाळा. आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतो. आमच्याकडचा जुना गडी बांधावरून डबा वाजवीत चालला असता एक एकल डुक्कर पळण्याऐवजी उलटे त्याच्यावर वळले. तात्यांनी चाप ओढला. खट्‌ असा आवाज झाला, पुढे काही नाही. त्यांनी दुसरी टोपी बसवली. पुन्हा खट्‌. तेवढ्या अवधीत डुकराने गड्याची मांडी फाडली होती. त्याला डोलीत घालून तालुक्याला नेले. माणूस वाचला, पण त्या पायाने तो पुढे कायमचा लंगडत चाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या अंघोळ-पूजा न करता बंदूक मांडीवर घेऊन बसले. ज्या पोकळ बोंडावर टोपी बसते ते बोंड त्यांनी काढले आणि त्यातून तार घातली. तारेबरोबर घट्ट झालेल्या तेलाचा काळा गोळा बाहेर आला. पाण्यापावसाने गंज चढू नये म्हणून त्यांनीच आठ दिवसांपूर्वी बंदुकीला सढळ हाताने तेल पाजले होते. “दारू सुकी होती, टोपी ताजी होती. कान बुजला होता,” एवढेच ते म्हणाले. त्यानंतर बंदूक भरण्यापूर्वी एक रिकामी टोपी फोडून वाट मोकळी आहे ना, हे पाहिल्याशिवाय त्यांनी कधी दारू घातली नाही. आणि पावसाची रात्र असली म्हणजे टोपी बसवल्यावर तिच्या बुडाभोवती ते मधाच्या पोळ्याचे मेण बोटाने दाबून लावीत.

त्या मेणाची गाठ आम्हांस पुढे बी.ए.च्या वर्गात पडली. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ नेमलेले होते. १७१५च्या सुमारास लिहिलेल्या त्या राजनीतीच्या ग्रंथात किल्ल्यांविषयीचे प्रकरण आहे आणि त्यात, पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे काने मेणाने भरून घ्यावेत, वर पाऊस पडणार नाही अशी व्यवस्था करावी, अशा अर्थाची आज्ञा आहे. स्वराज्याच्या अमात्यांची आज्ञा आणि आमच्या तात्यांचे बोट यांच्यामध्ये पावणेतीनशे वर्षांचे अंतर. पण चिंता एकच. नळी कितीही मजबूत असो, दारू कितीही जहाल असो, बाहेरची ठिणगी आत पोचायला वाट एकच आणि ती दाभणाच्या टोकाएवढी. आमच्या पूर्वजांनी त्या वाटेला ‘कान’ हे नाव दिले, ते किती अन्वर्थक आहे! बंदुकीला काही सांगायचे तर तिच्या कानात सांगावे लागते.

आता ही रचना थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. सर्वांत जुनी ती तोड्याची बंदूक. तोडा किंवा जामगी म्हणजे शोऱ्याच्या पाण्यात भिजवून सुकवलेली सुताची दोरी. ती एकदा पेटवली की ज्योत न धरता उदबत्तीसारखी धुमसत राहते. नळीच्या मागच्या अंगाला, कानाच्या बाहेर, एक लहानशी वाटी. तीत बारीक कुटलेली दारू घालायची; हीच रंजक. चाप ओढला की तोड्याचे जळते टोक वाटीत टेकते, रंजक भडकते, तिची जीभ कानातून आत शिरते आणि आतली मुख्य दारू पेटते. रंजक जळाली पण कान बुजलेला असला, तर वाटीत नुसता भपका होतो आणि बार आतच राहतो. ‘फुसका बार’ आपण आजही बोलतो; निवडणुकीतील भाषणांना तर हा शब्द फारच उपयोगी पडतो.

तोड्याच्या बंदुकीला हसण्याची एक पद्धत इंग्रजी ग्रंथकारांनी पाडली आणि आपणही ती उचलली. ती सर्वस्वी न्याय्य नव्हे. कोरड्या हवेत जळता तोडा रंजकीला टेकला की ती पेटणारच. त्या बाबतीत तोडा हा पुढे आलेल्या गारेपेक्षा अधिक भरवशाचा होता. शिवाय ती गावच्या लोहाराला घडवता येत असे आणि मोडली तर नीट करता येत असे. तिचे दोष निराळे होते. युद्ध होवो वा न होवो, तोडा जळतच ठेवावा लागे आणि गाठीची दोरी संपत जाई. रात्री त्याचे लाल टोक शत्रूला दिसे. शेजाऱ्याच्या दारूच्या शिंगात ठिणगी पडेल, या भयाने शिपायांना एकमेकांपासून अंतर राखून उभे राहावे लागे. आणि पाऊस आला की सारेच संपले.

ज्यांचा मुलूख सह्याद्रीचा, त्यांना पावसाचा विसर पडणे शक्य नव्हते. आज्ञापत्रातील दारूखान्याविषयीचा मजकूर या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखा आहे. दारूखाना वस्तीच्या घरांना लागून नसावा, सदरेपासून दूर असावा, भोवती झाडांचे दाट कुंपण असावे, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे सामान बाहेर काढून त्याला ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावे, असे त्यात बजावलेले आहे. आमची सारी नोकरी सरकारी भांडारांच्या आणि तपासणीच्या कागदांत गेली. त्यामुळे या मजकुरातील खरी मेख आमच्या ध्यानात लवकर आली. ‘दारू कोरडी ठेवावी’ एवढे कोणीही लिहील. कोणी, किती दिवसांनी, स्वतः हजर राहून, आणि नंतर मोहोर कोणाची, हे जो लिहितो त्याने भांडार चालवलेले असते. शोरा हवेतील ओल ओढून घेतो. त्यात अशुद्ध मीठ राहिले असेल तर अधिकच. ओली दारू पुन्हा सुकवली तरी शोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण पहिल्यासारखे एकजीव राहत नाही. रसायनशास्त्राचे पुस्तक हाती नसताना हे आपल्या लोकांनी अनुभवाने जाणले होते.

तोड्यानंतर आली गारेची बंदूक. तीत जळती दोरी नाही. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा चामड्यात आवळून बसवलेला असतो. चाप ओढला की तो पोलादी पट्टीवर घासून आदळतो, त्याच आघाताने वाटीवरचे झाकण उघडते आणि ठिणग्या रंजकीवर पडतात. घरोघरी चूल पेटवण्यासाठी असलेली चकमक ती हीच, फक्त बंदुकीला जोडलेली. वर्तमानपत्रे सीमेवरच्या किरकोळ लढाईला चकमक म्हणतात, तेव्हा गार आणि पोलाद यांची आठवण किती जणांना होत असेल?

तोडा गेल्यामुळे शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू शकले आणि कवायती पलटणी मिनिटाला दोन-तीन बार काढू लागल्या. युरोपातील लष्करी क्रांतीचे अर्धे श्रेय या खटक्याला आहे. पण भरवशाच्या बाबतीत गार लहरीच. वीस-तीस बारांनंतर तिची धार जाई. वारा सुटला तर रंजक उडून जाई. पट्टीचे पोलाद नरम असले तर ठिणगीच पडत नसे. आणि या खटक्याचे सारे मर्म त्याच्या कमानींत होते. बरोबर पाणी दिलेली पोलादी कमान एकसारखी हजारोंनी बनवणे हे गावच्या भात्यावरचे काम नव्हे. गारेचीही तीच गोष्ट. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात गारगोट्यांना तोटा नाही, पण बंदुकीला लागते ती एकाच जाडीची, सरळ धारेने फुटणारी गार. इंग्रजांना ती सफोक परगण्यातील ब्रँडन या गावच्या खाणींतून मिळे आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या गार फोडणारी घराणी होती.

मग मराठ्यांनी काय केले? थोरल्या माधवरावांच्या काळात ओतूरजवळ आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना निघाला. इब्राहिमखान गारदी आपल्या कवायती पलटणींसह १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अखेरपर्यंत झुंजला. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉईनच्या पलटणी उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी आग्ऱ्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका घडू लागल्या. तेथील बंदूक दहा रुपयांना पडे आणि युरोपीय बंदुकीच्या तोडीची असे, असे म्हणतात. म्हणजे आपल्या कारागिरांच्या हातांत कसब नव्हते, हा आक्षेप टिकत नाही.

कमी काय पडले, हे पाहायला आपल्याला पानिपतापर्यंत जाण्याची गरज नाही. आपण राहतो त्या प्रांतातच त्याचा पुरावा आहे. १७९० साली पेशवे, निजाम आणि इंग्रज यांनी टिपूविरुद्ध युती केली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडपुढे येऊन बसले. त्यांच्या मदतीला मुंबईहून कॅप्टन लिटल याची तुकडी आली होती. किल्लेदार बद्रुज्जमानखान याने मोठ्या नेटाने किल्ला लढवला. इंग्रजांनी फेब्रुवारी १७९१ मध्ये चढवलेला हल्लाही फसला, आणि किल्ला हाती आला तो एप्रिलमध्ये. जवळजवळ सात महिने एका किल्ल्यापुढे गेले.

त्या तुकडीत एडवर्ड मूर नावाचा विशीच्या आतबाहेरचा लेफ्टनंट होता. हाच मूर पुढे हिंदू देवदेवतांवरील ग्रंथामुळे प्रसिद्ध झाला. त्याने १७९४ साली लंडनला या मोहिमेचा वृत्तांत छापला. त्यात मराठी तोफखान्याचे जे वर्णन आहे, ते वाचताना आम्हांस आजही कानकोंडे होते. तोफ एकदा भरली की गोलंदाज खाली बसून गप्पा मारीत, चिलीम ओढीत. अर्ध्या तासाने बार काढीत. समोर धूळ उडाली की समाधान मानीत आणि पुन्हा भरून गप्पांना बसत. दुपारी एक ते तीन तर तोफ सहसा बोलतच नसे, असे तो सांगतो. विशीतल्या परकी अधिकाऱ्याने केलेली ही थट्टा आहे, हे मान्य. जुन्या, पुष्कळ वेळा दुरुस्त केलेल्या तोफा फार तापू नयेत म्हणून संथपणे डागणे हे शहाणपणाचेही असू शकेल. तथापि थट्टा वजा केल्यावरही काही उरतेच. प्रत्येक सरदाराची बंदूक निराळी, गोळी निराळी, दारू निराळ्या ठिकाणची. आज्ञापत्रातला तो हवालदार, जो दर आठ-पंधरा दिवसांनी दारूला ऊन देऊन मोहोर करी, तो गडावर होता. छावणीत त्याच्या जागी कोणी नव्हते. आमचे पूर्वज शौर्यात उणे पडले नाहीत, कसबातही नाहीत. गडावर लिहून ठेवलेला नियम गडाखाली उतरला नाही. आमच्या मते पराभवांच्या लांबलचक कारणमीमांसेत या साध्या गोष्टीला मिळते त्याहून पुष्कळ वरची जागा मिळावयास हवी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. धारवाडचा वेढा चालू असतानाच लॉर्ड कॉर्नवॉलिस पूर्वेकडून बंगळुरावर आला. ७ मार्च १७९१ रोजी त्याने पेठ घेतली आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला. सिटी मार्केटच्या गर्दीतून वाट काढताना जुन्या किल्ल्याच्या भिंतीवर त्या दिवसाची तारीख कोरलेला दगड आपल्यांपैकी काहींनी पाहिला असेल. तेथून तो श्रीरंगपट्टणावर गेला खरा, पण मे महिन्यातच पावसाने गाठले, बैल मेले, धान्य संपले, आणि वेढ्यासाठी आणलेल्या जड तोफा स्वतःच्या हातांनी निकामी करून त्याला परत फिरावे लागले. जगातील उत्तम गारेच्या बंदुका आणि शिस्तीच्या पलटणी चिखलात उभ्या असताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या फौजा मेलकोट्याच्या बाजूस येऊन मिळाल्या, आणि मराठी छावणीच्या बाजारात धान्य मिळाले म्हणून इंग्रज फौज जगली. पाण्यापावसाच्या देशात फौज कशी चालवावी, हे आपल्याला कळत होते; फक्त ते ज्ञान बैलांपुरते, बाजारापुरते आणि घोड्यांपुरते पक्के होते.

टिपूने मात्र ही गोष्ट पुरती ओळखली होती, असे त्याच्या इमारतींवरून दिसते. श्रीरंगपट्टणात त्याची दारूची कोठारे आहेत. ती अर्धी जमिनीत उतरवलेली, जाड भिंतींची, विटा आणि चुन्याची असून आत ओल व उष्णता शिरू नये असाच त्यांचा बांधा आहे. यांपैकी एक कोठार म्हैसूर रेल्वेच्या दुहेरी मार्गाच्या आड आले, तेव्हा ते पाडण्याऐवजी २०१७ साली अखंड उचलून काही अंतरावर हलवण्यात आले. जी वास्तू दारू हलू नये आणि भिजू नये म्हणून बांधली, तीच दोनशे वर्षांनी चाकांवर चालली! बंगळुरात मार्केटजवळची तारामंडलपेट हे नावही टिपूच्या बाणांचीच आठवण आहे. आणि २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका जुन्या विहिरीतून त्या काळचे हजाराहून अधिक लोखंडी बाण निघाले. ज्यांना कधी बत्ती मिळालीच नाही असे ते बाण.

या साऱ्या कहाणीला खरे वळण दिले ते एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने. अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाखरांच्या शिकारीचा नाद होता. गारेच्या बंदुकीत आधी वाटीत भपका होतो आणि क्षणभराने बार निघतो. तेवढ्यात पाखरू उडून जाते. यावर उपाय म्हणून त्यांनी नुसत्या आघाताने पेटणारे द्रव्य वापरून नवा खटका केला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. दिवाळीत आपली मुले पिस्तुलातून ज्या टिकल्या फोडतात, त्यांचे तत्त्व हेच. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत या द्रव्याचा थेंबभर लेप तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरण्याची युक्ती निघाली. वाटी गेली, रंजक गेली, गार गेली. कानावर एक पोकळ बोंड आले, त्यावर टोपी आली आणि तिच्यावर घोडा आदळू लागला. आपल्याकडे गावोगाव तिला ‘केप’ म्हणतात. आज्ञापत्रात टोपीकरांपासून सावध राहण्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. टोपीकर खरोखरीच टोपी घेऊन येतील हे अमात्यांना कोठून ठाऊक असणार?

फरक किती पडला, हे आकड्यांनीच पाहावे. १८३४ साली वुलिच येथे इंग्रज सरकारने दोन्ही प्रकारांची परीक्षा घेतली. सर्व प्रकारच्या हवेत प्रत्येकी ६,००० बार काढले. गारेच्या बंदुका ९२२ वेळा फुकट गेल्या, म्हणजे दर साडेसहा बारांत एक. टोपीच्या बंदुका फक्त ३६ वेळा, म्हणजे १६६ बारांत एक. ज्यांच्या हाती गार होती, ते शिपाई दर सहा-सात वेळांत एकदा निःशस्त्र उभे राहत होते, असा त्याचा सरळ अर्थ.

हा अर्थ कागदावर राहिला नाही. तो सोसला दक्षिणेतल्या शिपायांनी. १८४१ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, अफूच्या युद्धात, चीनमधील कँटनजवळ सान-युआन-ली या गावाच्या शिवारात ३७व्या मद्रास पलटणीची एक कंपनी मुसळधार पावसात वाट चुकली. त्यांच्या हातांत गारेच्याच बंदुका होत्या. भाताच्या चिखलात हजारो गावकऱ्यांनी भाले घेऊन त्यांना वेढले आणि एकही बार निघेना. चौक बांधून, संगिनींच्या आधाराने ते उभे राहिले. अखेर टोपीच्या बंदुका दिलेल्या गोऱ्या नौसैनिकांच्या दोन कंपन्या त्यांच्या शोधासाठी पाठवण्यात आल्या. त्यांच्या बंदुका त्याच पावसात चालल्या आणि ती कंपनी सुटली. नवे हत्यार गोऱ्यांना आधी आणि देशी शिपायांना मागाहून, या धोरणाचे मोल त्या भातखाचरात चुकते झाले. तमिळ, तेलुगू मुलखांतले ते शिपाई. आणि ते गावकरी तरी कोण, आपल्या शेताच्या बांधावर उभे राहिलेले शेतकरीच. हा प्रसंग वाचताना आम्हांस आमच्या आजोळचा तो गडी आठवल्याशिवाय राहत नाही.

यापुढची हकीकत सर्वपरिचित आहे. १८५७ची एनफिल्ड ही टोपीची, ठासणीचीच रायफल. तिच्या काडतुसाला लावलेल्या चरबीवरून जो वणवा पेटला त्याचा इतिहास येथे नको. त्यानंतर देश निःशस्त्र करण्यात आला. मागून भरायच्या बंदुका आल्या, काडतुसाच्या बुडातच टोपी बसली आणि कान हा अवयवच नाहीसा झाला. कोडगूच्या लोकांना मात्र १८६१ साली कमिशनर मार्क कब्बन यांच्या जाहीरनाम्याने हत्यारबंदीतून मोकळीक मिळाली. ज्यांच्या नावाच्या उद्यानात आपण रविवारी मुलांना नेतो तेच हे कब्बन. ती सवलत अद्याप चालू आहे. केंद्र सरकारने २०१९ साली ती दहा वर्षांसाठी पुढे वाढवली.

ठासणीची बंदूक मात्र कायद्यात जिवंत राहिली, आणि येथे आमच्यातला कारकून जागा होतो. शस्त्र अधिनियम, १९५९, याच्या तेराव्या कलमात पिकांच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. त्याच्याच खाली असेही म्हटले आहे की, अशी बंदूक या कामाला पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, त्याला दुसरी साध्या नळीची बंदूक मंजूर करता येते. ठासणीची बंदूक अपुरी पडू शकते हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते! तात्यांच्या परवान्याच्या कागदांत या परंतुकाचा कोणी उल्लेख केला होता का, हे आम्ही पुढे शोधून पाहिले. केलेला नव्हता. तात्यांना ते माहीत नव्हते आणि त्यांना ते कोणी सांगितले नाही.

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव अमेरिकेत असतात. त्यांच्याकडून कळले की, तिकडे अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांसाठी वर्षातले काही दिवस निराळे राखून ठेवलेले असतात आणि त्यामुळे तिकडे ही बंदूक अजून नवीनवी निघते. १९८५ साली टोनी नाइट नावाच्या मिसूरीतील कारागिराने टोपीची जागा बाजूच्या बोंडावरून काढून नळीच्या नेमकी मागे, सरळ रेषेत आणली. पूर्वी ज्वाळेला काटकोनात वळून आत जावे लागे. आता ती सरळ दारूवर पडते. पुढे साध्या टोपीऐवजी छऱ्याच्या काडतुसात वापरतात ती मोठी, जहाल टोपी आली, कारण काळ्या दारूच्या जागी आलेल्या नव्या भुकट्या पेटायला अधिक हट्टी असतात. नळीचे बूड फिरवून काढता येते, म्हणजे आतून साफ करता येते. एवढे सगळे झाले. तरी अनुभवी शिकारी अद्याप दारू भरण्यापूर्वी एक-दोन रिकाम्या टोप्या फोडतो, ते वाटेतले तेल जळून जावे म्हणून. आणि पावसाच्या दिवशी नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावतो. हे ऐकले तेव्हा आम्ही त्या चिरंजिवांना तात्यांचे मेण सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “काका, इथले जुने लोकही जुन्या तऱ्हेच्या बंदुकीला मेणच लावतात.”

तात्या जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. बंदुकीचा परवाना मामाच्या नावावर झाला. प्रत्येक निवडणुकीच्या आधी ती ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, एवढाच तिचा प्रवास उरला आहे. डुकरे मात्र पूर्वीहून अधिक झाली आहेत आणि खाचरे निम्मी ओस आहेत. गेल्या गणपतीत आम्ही आजोळी गेलो होतो. पडवीत बंदूक त्याच दोन खुंट्यांवर होती. आम्ही विचारले, “मामा, अजून उडते का रे ही?” मामाने ती खाली काढली, घोडा मागे ओढला आणि बोंडाकडे बोट दाखवले. तेथे ताजे, पिवळे मेण होते. “ठाण्यातून आणली की पहिलं हे,” तो म्हणाला आणि बंदूक परत खुंटीवर ठेवून आरतीला गेला.